व्हीलचेअर मागणाऱ्याची झडती, देणाऱ्याची का नाही?

विमानतळावरच्या व्हीलचेअरवरून सध्या जे वाद चालले आहेत ते ऐकले की वाटतं, देशातल्या विमानप्रवासाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे न्यू जर्सीला मुलाकडे निघालेली खानदेशातल्या पारोळ्याची म्हातारी. 2025मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अपंग प्रवाशांसाठीच्या नियमांचा नवा मसुदा मांडला. धडधाकट माणसाने व्हीलचेअर मागितली तर विमान कंपनीने त्याचे पैसे घ्यायला हरकत नाही, असा एक मुद्दा त्यात होता. मसुद्यात बाकीही बरंच होतं, पण चघळला गेला तो एवढाच. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जळगावच्या नव्या पेठेतल्या चहाच्या गाडीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून चार विमानात बसलेली माणसं जमली तिथे हाच विषय. एक बाजू म्हणते, हे सगळे रांग चुकवणारे फुकटे. दुसरी बाजू म्हणते, असू द्या हो, बिचारे म्हातारे, बिचारे अपंग. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि दोघींची नजर मात्र एकाच जागी खिळलेली असते, ती खुर्चीत बसलेल्या माणसावर. खुर्ची आणून देणं ज्याचं काम आहे, त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. व्हीलचेअर कुणी मागावी हा प्रश्न दुय्यम आहे. ती वेळेवर आणि चालत्या स्थितीत देणं नेमकं कुणाचं काम, आणि नाही दिली तर कुणाच्या खिशातून काय जाणार, हे आधी ठरलं पाहिजे. आपल्याकडे ते कागदावर अर्धवट ठरलंय आणि प्रत्यक्षात मुळीच नाही. ते ठरत नाही तोवर गैरवापराविरुद्ध उगारलेली प्रत्येक काठी फिरून त्याच माणसाच्या पाठीत बसणार आहे, ज्याला खरोखर चालता येत नाही.

आता समोरच्याचं खरं ते खरं. गैरवापर होतो. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांत दर तीन-चार प्रवाशांमागे एकाने व्हीलचेअर मागितलेली असते, असं कंपन्या सांगतात आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. विमानात चढताना खुर्चीतून गेलेली मंडळी उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्याकडे कशी तुरुतुरु चालतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. एक माणूस एक खुर्ची अडवतो तेव्हा ती ढकलणारा कर्मचारीही अडकतो, आणि दोन्ही मोजकेच असतात. 2024च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका प्रवाशाचं काय झालं, ते आठवून पाहा. नवरा-बायको दोघांनीही व्हीलचेअर आधीच सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एक. त्यात बायको बसली, हे गृहस्थ सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. डीजीसीएने एअर इंडियाला 30 लाखांचा दंड केला. त्या दिवशी कुणा धडधाकटाने एखादी खुर्ची अडवून ठेवली असेल तर त्याला माफी नाही, हे मीही म्हणेन.

पण ती पारोळ्याची म्हातारी खुर्ची का मागते, हा साधा प्रश्न कुणी विचारला का? घरी ती पहाटे उठून अंगण झाडते, शेतात चक्कर मारून येते. तिचे गुडघे तुमच्या-माझ्यापेक्षा बरे असतील. तिला चालण्याची भीती वाटत नाही, तिला वाट चुकण्याची भीती वाटते. तिची भाषा अहिराणी. प्रमाण मराठीत बोलतानाही ती जरा बिचकते. तिला मुंबईत एका दारातून आत शिरून अबूधाबी नाहीतर फ्रँकफुर्टला विमान बदलायचंय, इंग्रजी पाट्या वाचायच्या आहेत, गणवेशातल्या गोऱ्या साहेबाला सांगायचंय की ती किती दिवस राहणार आणि तिच्या पिशवीत पापड-कुरडया का आहेत. मुलगा फोनवर सांगतो, "माय, तू फक्त खुर्चीत बस, ते बरोबर न्यून सोडतीन." मुलाने हा शहाणपणाच केलेला असतो, कारण संपूर्ण विमानतळावर एका माणसाचा हात धरून दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणारी भरवशाची अशी ही एकच सोय आहे. तिला खुर्ची नको आहे, खुर्ची ढकलणारा माणूस हवा आहे. मग नुसता सोबतीचा माणूस देणारी सेवा सुरू करा, हवं तर त्याचे माफक पैसे घ्या, पाट्या चार भाषांत लावा, आणि मग पाहा खुर्च्यांची मागणी किती उरते ते. हे न करता म्हातारीला लबाड ठरवणं सोपं पडतं, एवढंच.

तरीही कुणी म्हणेल, असू द्या, पण खरे-खोटे वेगळे काढायलाच हवेत. काढा की. पण काढणार कोण? काउंटरवरची बावीस वर्षांची मुलगी, जिच्यामागे रांग खोळंबली आहे आणि जिला अपंगत्वाचं प्रशिक्षण म्हणून एक चित्रफीत दाखवलेली असते? ती काय बघणार? पाय आहेत का, कुबडी आहे का, चेहऱ्यावर पुरेसं दुःख आहे का. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आहेत, पार्किन्सन आहे. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेल म्हणजे काय हे शाळकरी पोरांनासुद्धा सांगावं लागत नाही. असा एखादा सिकलसेल असलेला पंचविशीतला पावरा आदिवासी मुलगा परीक्षेला किंवा नोकरीच्या मुलाखतीला दिल्लीला निघाला तर तो दिसायला धडधाकटच दिसणार. विमानाच्या केबिनमधली हवा मात्र साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते, म्हणजे त्याने लहानपणी पाहिलेल्या तोरणमाळच्या दुप्पट उंचीवर त्याला बसवून ठेवल्यासारखं. प्राणवायू कमी पडला की सिकलसेलचं दुखणं उसळू शकतं, आणि ते उसळलं की सांध्यांतून अशा कळा निघतात की पाऊल उचलवत नाही. तो उतरल्यावर खुर्ची मागेल तेव्हा ती मुलगी त्याच्याकडे कशी बघेल? आणि त्याने यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून दाखवलं तर ठीक, पण नंदुरबार जिल्ह्यातल्या दुर्गम पाड्यावरून ते कार्ड काढायला किती हेलपाटे पडतात, हे दिल्लीत मसुदे लिहिणाऱ्यांना कोण सांगणार?

संशयाने सुरू होणारी व्यवस्था कुठे जाऊन थांबते, हे सुरक्षा तपासणीत आपण पाहिलंच आहे. नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी 2021च्या ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे सांगितलं की दर वेळी विमानतळावर त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात. त्या प्रसिद्ध होत्या म्हणून विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली. शिबिरात जयपूर फूट बसवून घेतलेला एरंडोलचा शेतकरी बोलला असता तर माफी आली असती का? त्याने पाय काढला असता, ट्रेमध्ये ठेवला असता, आणि पुढच्या वेळी रेल्वेने गेला असता.

खानदेशात या विषयावर आणखी एक युक्तिवाद ऐकायला मिळतो, आणि तो मुंबई-पुण्याच्या युक्तिवादापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा. तो असा: जळगावला विमान येतंय हेच मुळात नशीब. 2017च्या डिसेंबरात पहिलं सुटलं, बंद पडलं. दुसऱ्या कंपनीने सुरू केलं, तेही थांबलं. 2024मध्ये पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमानं लागली. सत्तरेक जागांचं एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, नफा-तोट्याच्या काठावरचा धंदा. त्यात अँब्युलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट माणसाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी आणा, विमानाच्या आत जाणाऱ्या अरुंद खुर्च्या आणा, माणसं प्रशिक्षित करा असा खर्च लादला तर कंपनी उद्या गाशा गुंडाळेल आणि मग अपंगही गेले आणि बाकीचेही. आधी सेवा टिकू द्या, सोयींचं मग बघू.

यातली भीती खरी आहे. विमान बंद पडल्याचं दुःख ज्यांनी दोनदा अनुभवलंय ते असंच बोलणार. धुळ्याच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण त्यावरून प्रवासी विमान उडत नाही. नंदुरबारकर सुरत गाठतात. सगळ्या खानदेशात प्रवासी विमान मिळणारं एकच ठिकाण, तेही गेलं तर? पण जरा हिशेब तपासा. जळगावचं विमान ज्या उडान योजनेतून उडतं, ती चालते कशावर? मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी बसवून एक निधी उभा केला जातो आणि त्यातून लहान शहरांच्या विमानांची तूट भरून निघते. राज्य सरकारही त्यात वाटा उचलतं. म्हणजे दिल्ली-मुंबईला जाणारा, जळगाव नकाशावर दाखवता न येणारा प्रवासी तुमच्या-माझ्या तिकिटाचा थोडा भार वाहतो. आपण त्याला भीक म्हणत नाही. म्हणतो, देशाच्या प्रत्येक कोपऱ्याला जोडणं हे सगळ्यांचं काम आहे, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. आणि हे बरोबरच आहे. मग हेच तत्त्व चोपड्याच्या व्हीलचेअरवरच्या माणसापाशी आलं की एकदम महाग का होतं? दुसऱ्याने वाटून घेतलेल्या खर्चावर विमानात बसलेल्या जळगावकराने तरी 'त्यांचा खर्च कोण करणार' असं विचारू नये.

खर्च वाटून कसा घ्यायचा हे शोधायला डोकं खाजवायचीही गरज नाही. युरोपीय संघाने 2006मध्ये नियम केला, 2008च्या जुलैपासून तो पूर्णपणे लागू आहे: अपंग प्रवाशाला दारापासून विमानाच्या आसनापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्याची. त्याचा खर्च सगळ्या प्रवाशांच्या संख्येनुसार सगळ्या कंपन्यांकडून वसूल होतो, आणि अपंग प्रवाशाकडून वेगळा पैसा घ्यायचा नाही. यातली खरी गंमत पैशापेक्षा जबाबदारीत आहे. आपल्याकडे काय होतं? खुर्ची विमान कंपनीची, ढकलणारा कंत्राटदाराचा, उतार विमानतळाचा, तपासणी सीआयएसएफची. खुर्ची आली नाही तर कंपनी म्हणते कंत्राटदाराला विचारा, कंत्राटदार म्हणतो माणसं कमी दिलीत, विमानतळ म्हणतं आमचा संबंध नाही. तिकडेही सगळं आलबेल आहे असं नव्हे, उशिराच्या तक्रारी तिथेही होतात. पण तक्रार कुणाच्या नावाने करायची हे तरी माहीत असतं. कॅनडाने तर 2008मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. ज्या अपंग प्रवाशाला सोबती असल्याशिवाय प्रवासच शक्य नाही, त्याच्याकडून देशांतर्गत विमानात दोन तिकिटांचे पैसे घ्यायचे नाहीत, असा आदेश तिथल्या वाहतूक नियामकाने दिला. मोठ्या कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेल्या. उपयोग झाला नाही. 2009पासून आदेश लागू झाला आणि त्या कंपन्या आजही उडताहेत.

'सोयी मग बघू' या वाक्याला आपल्या मातीत जुना इतिहास आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून 1947च्या मे महिन्यात उपोषण केलं, तेव्हा त्यांना उघड विरोध करणाऱ्यांपेक्षा 'तत्त्व मान्य आहे, पण ही वेळ नव्हे' म्हणणारे कमी त्रासदायक नव्हते. स्वातंत्र्य दाराशी आलंय, आधी ते येऊ द्या. गुरुजी काही मनं न वळवता उपाशी बसले नव्हते, त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडले होते. तरी शेवटी दार उघडलं ते दहा दिवसांच्या उपोषणानंतर. त्याही आधीचं उदाहरण महाडचं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923मध्येच मंजूर केला होता. चवदार तळ्याचं पाणी प्यायला मात्र बाबासाहेबांना 1927 साली हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं. अस्पृश्यता आणि अपंगत्व या एक गोष्टी नव्हेत, हे मला मान्य आहे. व्हीलचेअरच्या स्पर्शाने कुणी विटाळत नाही. पण सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या जागेत काहींना शिरता न येणं, त्यांचा हक्क आधीच कागदावर असणं आणि तरीही 'जरा दमानं घ्या' असं त्यांनाच सांगितलं जाणं, हा नमुना मात्र हुबेहूब तोच आहे.

आणि कागद तर आपल्याकडे भरपूर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर आपण 2007मध्येच शिक्कामोर्तब केलं. 2016चा कायदा म्हणतो की बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं, विमानतळ सगळ्यांना वापरता येतील असे हवेत. सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खाजगी, नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम 2017च्या जूनमध्ये आले, म्हणजे मुदत 2019मध्येच संपली. 2024च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुमच्या नियमातली मानकं ही नुसती शिफारस आहे, कायद्याला अभिप्रेत असलेली सक्ती त्यात नाही, किमान काही मानकं तरी बंधनकारक करा. कायद्याचा भंग केला तर पहिल्यांदा दंड किती? जास्तीत जास्त 10,000 रुपये. ऐन दिवाळीत मुंबईची दोन-तीन तिकिटं काढली की तेवढे खर्च होतात. विमान कंपनीच्या हिशेबनिसाला तो आकडा दिसतही नसेल. व्हीलचेअर मोडली तर काय? देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्या-मोडल्याची भरपाई, सरकारच्याच प्रवासी सनदेनुसार, 20,000 रुपयांपर्यंत. बॅटरीवर चालणारी चांगली खुर्ची लाखाच्या पुढे जाते आणि ती नुसतं सामान नसते. बॅग हरवली तर माणूस कपडे विकत घेतो. खुर्ची मोडली तर तो पलंगावरून उठत नाही.

सुरक्षेचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अर्धी दारं बंद असतानाही भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं करता आलं पाहिजे, या कसोटीवर प्रवासी विमानांना परवानगी मिळते. ज्याला स्वतःहून उठता येत नाही त्याला आपत्कालीन दाराजवळची जागा देऊ नये, याला कुठलाही शहाणा अपंग माणूस हरकत घेणार नाही. बॅटरीची माहिती आधी मागणंही रास्त, कारण पेटलेली लिथियम बॅटरी आकाशात कुणाचंच ऐकत नाही. 48 तास आधी कळवा, हा नियमही समजण्यासारखा आहे, लहान विमानतळावर माणसं जुळवायला वेळ लागतो. (फक्त मयताचं काय करायचं ते कुणीतरी सांगावं. मरणारा 48 तास आधी कळवत नाही.) पण सुरक्षेच्या नावाखाली प्रत्यक्षात काय झालंय ते पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष 2012च्या फेब्रुवारीत कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या, आणि तेही अपंगांच्याच प्रश्नांवरच्या परिषदेला. जागेवर बसलेल्या असताना स्पाइसजेटने त्यांना खाली उतरवलं. त्यांना कसलाही आजार झालेला नव्हता, त्यांचं शरीर नेहमी असतं तसंच होतं. कर्मचाऱ्यांना ते विचित्र वाटलं, बस्. 2016च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 10 लाखांची भरपाई दिली. 2022च्या मे महिन्यात रांचीला इंडिगोने एका अपंग मुलाला विमानात घेतलं नाही. बाकीच्या प्रवाशांना भीती म्हणे. त्या बाकीच्या प्रवाशांतलेच काहीजण, त्यात डॉक्टरही होते, मुलाच्या बाजूने भांडत होते. कंपनीला 5 लाखांचा दंड झाला आणि नियम बदलला: प्रवाशाची प्रकृती विमानात बिघडेल असं वाटत असेल तर कंपनीने डॉक्टरकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावं, मगच ठरवावं. या एका बदलात सगळं आलं. धोका आहे की नाही हे डॉक्टरने सांगायचं, बिचकलेल्या कर्मचाऱ्याने नाही. सुरक्षेचा युक्तिवाद खरा असेल तर तो या बदलाने आणखी पक्का होतो. जो यानंतरही कुरकुरतो, त्याला सुरक्षा नको असते, त्याला शेजारच्या सीटवर तसा माणूस नको असतो.

आणि एरवी सुरक्षेची एवढी काळजी असणाऱ्यांनी एटीआरच्या जिन्यावर काय होतं ते एकदा बघावं. या विमानांना इमारतीतून थेट दारापर्यंत नेणारा पूल लागत नाही, पायऱ्या चढून जावं लागतं. एका लहान विमानतळावर, नाव घेत नाही, चढवणारं यंत्र त्या दिवशी नव्हतं की चालत नव्हतं, कुणी स्पष्ट सांगेना. कमरेखाली संवेदना नसलेल्या एका पन्नाशीच्या माणसाला दोन हमालांनी उचललं, एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखालून धरलं. पायऱ्या अरुंद, तिसऱ्या पायरीवर मागच्याचा पाय अडखळला. शर्ट वर सरकून पोट उघडं पडलं. बायको लघवीची पिशवी हातात धरून, नळी ताणली जाऊ नये म्हणून त्यांच्याबरोबर तिरपी तिरपी चढत होती. खाली रांगेतले आम्ही सगळे मोबाइलमध्ये बघत होतो, म्हणजे बघत नाही असं दाखवत होतो. वर पोहोचल्यावर त्यांनी आधी शर्ट खाली ओढला, मग हसत हमालाला म्हणाले, "मी काय कापूसनं गठोडं शे का, भाऊ?" हमालही हसला. त्याचा दोष नव्हताच, त्याला बॅगा उचलायला ठेवलेलं, माणूस कसा उचलायचा हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या अडखळलेल्या पायरीवरून ते पडले असते तर कोणत्या सुरक्षा नियमात ते बसलं असतं?

ज्याला असं चढवलं जातं तो पुढच्या वेळी विमानाने का जाईल? मग आकडेवारी काढणारे म्हणतात, जळगावहून व्हीलचेअरची मागणीच नाही, यंत्र आणून गंजायला ठेवायचं का? हा युक्तिवाद ऐकला की हसावं की रडावं कळत नाही. पायरी बांधायची आणि वर कुणी येत नाही म्हणून उतार नको म्हणायचं. एसटीत अपंगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण लाल परीच्या दारातल्या उंच पायऱ्या 75 टक्क्यांनी कमी होत नाहीत. रेल्वेत अपंगांचा डबा असतो, पण तो फलाटावर नेमका कुठे येणार आणि भुसावळला गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत तिथवर पोहोचायचं कसं, हे ज्याचं त्याने बघायचं. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, रेल्वेने सहा-सात तास. व्हीलचेअरवरच्या बाईला डब्यातलं शौचालय वापरता येत नाही म्हणून ती आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडते. तिला टाटाला किंवा केईएमला तपासणीला जायचं असतं, आणि उपाशी-तहानलेल्या शरीराचे रिपोर्ट डॉक्टरच्या पुढ्यात जातात. तासाभराचं विमान ही तिच्यासाठी चैन आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा जळगाव-मुंबई प्रवास पाण्याचा घोट न घेता करून बघावा. धडधाकट माणसासाठी विमान म्हणजे वाचलेला वेळ. तिच्यासाठी तो कदाचित जमणारा एकमेव प्रवास आहे. म्हणून 'आधी सेवा, मग सोयी' हा क्रमच उलटा आहे. जिला या सेवेची सगळ्यात जास्त गरज, तिलाच सगळ्यात शेवटी बोलावायचं?

अमेरिकेत 1986मध्ये एक विचित्र निकाल लागला होता. विमानतळांना सरकारी पैसा मिळतो, विमान कंपन्यांना थेट मिळत नाही, म्हणून सरकारी मदत घेणाऱ्यांनी अपंगांशी भेदभाव करू नये हा कायदा कंपन्यांना लागू होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. दावा लावला होता पक्षाघात झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने. लोक खवळले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संसदेने विमान कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा करून टाकला. निकाल जूनचा, कायदा ऑक्टोबरचा. आपल्याकडे उडानच्या मार्गांवर तर कंपनीच्या हातात थेट अनुदान पडतं. त्या जुन्या निकालाच्या अगदी चिंचोळ्या तर्कानेही ती सुटू शकत नाही. मग अनुदानाच्या करारातच एक अट का नसावी की चढवण्या-उतरवण्याची सोय नसेल त्या महिन्याचं अनुदान कापलं जाईल? दंडाला न जुमानणारी कंपनी अनुदानाला नक्की जुमानते.

हे दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. तोवर जळगावात करण्यासारखं काही आहे. विमानतळासाठी स्थानिक सल्लागार समिती असते आणि खासदार तिचे अध्यक्ष असतात. धावपट्टी वाढवा, नवी शहरं जोडा, वेळा बदला या मागण्या आपण नेहमीच ऐकतो, आणि त्या रास्तच आहेत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न त्याबरोबर विचारले जावेत. विमानाच्या आत जाणाऱ्या अरुंद खुर्च्या किती आहेत आणि शेवटच्या कधी तपासल्या? माणूस हाताने उचलून चढवावा लागला अशी नोंद कोण ठेवतं, आणि गेल्या सहा महिन्यांतली ती वही कुठे आहे? आणि या समितीत व्हीलचेअर वापरणारा एकतरी माणूस आहे का? नसेल, तर त्याला बोलवा. पण बैठक कुठल्या मजल्यावर ठेवताय, ते आधी बघून घ्या.